रामजन्माचं कीर्तन आणि टॅबच्या पडद्यावरच्या चार रेघा

आमचे मामा नारदीय कीर्तन करतात. यंदाचं रामनवमीचं कीर्तन पूर्ण चित्रित करून ठेवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. हाताशी आयपॅड होता. त्याचा मोठा पडदा अशा वेळी फार कामाला येतो, चार पावलं मागे उभं राहूनही चौकट नीट बसली की नाही ते दिसतं.

सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्यात जाऊन ग्रिड सुरू केलं की पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा येतात. चित्रीकरणात त्या उमटत नाहीत. मात्र जागा ठरवण्याआधी कॅमेरा व्हिडिओवर घ्यावा. फोटोची चौकट ४:३, व्हिडिओची १६:९. फोटोत पाहून जागा पक्की केली, तर वरचा-खालचा भाग ऐन वेळी चौकटीबाहेर जातो. कीर्तनकाराची पावलं बाहेर गेली की निम्मं कीर्तन गेलं, असं मी मानतो.

आदल्या संध्याकाळी देवळात तयारी केली. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात आणि मधे गाभाऱ्याकडे जायची वाट मोकळी राहते. तिच्या टोकाला ट्रायपॉड लावला. सभामंडपाचे लाकडी खांब उभ्या रेघांशेजारी आल्यावर दिसलं की ते वर एकमेकांकडे झुकताहेत. आडवी रेघ तर बरोबर होती. ट्रायपॉड बुटका असल्यामुळे टॅब मागे कलता ठेवावा लागत होता, म्हणून खांब तसे दिसत होते. ट्रायपॉड छातीइतका उंच केला, टॅब अगदी उभा धरला आणि खांब रेघांना समांतर आले. रेघा नसत्या तर हे नुसत्या डोळ्यांना जाणवणं कठीण होतं.

माणूस उभ्या रेघेवर घ्यावा, असं सगळीकडे सांगतात. कीर्तनाला ते मला पटत नाही. मामा कधी पेटीवाल्याकडे वळतात, कधी तबलजीकडे, मग झांज वाजवत दोन पावलं पुढे येतात. म्हणून साथीदार दोन उभ्या रेघांवर घेतले आणि मधला सगळा भाग मामांना मोकळा ठेवला. मामेभावाला पगडी घालून त्यांच्या जागी उभं केलं. डोळे वरच्या आडव्या रेघेवर आले की पगडी आणि वर उचललेला हात, दोन्ही मावतात. पाळणा उजव्या रेघेच्या जरा बाहेर टांगायला पुजारीकाकांनी आनंदाने होकार दिला.

सकाळी मामा उभे राहताच पडद्यावर त्यांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं आणि फोकस व उजेड कुलूपबंद केला. नाहीतर समईमुळे आणि दारातून येणाऱ्या उन्हामुळे चेहरा सारखा उजळतो, काळवंडतो. पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपून मामांना बुक्का लावला, हार घातला, नामगजर सुरू झाला, तेवढ्यात एकदा रेघा आणि चार्जिंग पाहून घेतलं.

बाराच्या ठोक्याला सगळे उठले. गुलाल, फुलं, पाळणा! मधली वाट मोकळी राहिली आणि पाळण्याची दोरी ओढणारे हात चौकटीत स्वच्छ आले. टॅबला हात लावावा लागला नाही.

सुंठवडा खाऊन झाल्यावर मामांनी चित्रीकरण पाहिलं. पूर्वरंगातल्या एका पदाचा पदन्यास शिष्यांना दाखवायला हवा, म्हणून तेवढा तुकडा वेगळा करून मागितलाय. सध्या तोच कापतोय.