लाँगबोर्ड मागवला आणि तो खेळणं म्हणून अडकला : माझा अनुभव

लाँगबोर्ड, म्हणजे लांबवर फिरायचा लांब स्केटबोर्ड, कोणता घ्यावा यावर हवा तेवढा सल्ला मिळतो. तो बाहेरून मागवला तर कस्टम्समधून सोडवून घरी कसा आणायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता मी सांगते. राग अजून गेलेला नाही, त्यामुळे बारकावेही ताजे आहेत.

मी फोंड्याची, वय ४१. लहानपणी चाकांचे स्केट्स घालून भरपूर फिरले आहे, त्यामुळे तोल सांभाळता येतो. उड्या मारणं, कठड्यावरून घसरणं यात मला रस नव्हता. सकाळी रस्ता मोकळा असताना लांबवर शांतपणे जायचं, वळणं घ्यायची, एवढंच हवं होतं. लाँगबोर्ड असतो तो त्यासाठीच.

आधी पणजी आणि मडगावची खेळाच्या सामानाची दुकानं पाहिली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच : “मुलाचं वय किती?” माझ्यासाठी हवाय म्हटल्यावर दुकानदार हसायचे आणि तोच रंगीत, छोट्या टणक चाकांचा बोर्ड पुढे करायचे. असा बोर्ड आपल्या रस्त्यांवर घेऊन जाऊ नका. पावसाळ्यानंतर डांबरातली खडी वर आलेली असते, कडेला चिऱ्याची लाल माती पसरलेली असते. ५२-५४ मिलिमीटरचं टणक चाक एखाद्या खड्यावर जागीच थांबतं आणि आपण पुढे फेकले जातो. चाक किमान ७० मिलिमीटरचं हवं आणि मऊ हवं, म्हणजे ७८ ए ते ८० ए. हा आकडा कडकपणाचा असतो, जितका कमी तितकं मऊ. चाक युरेथेनचंच घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाकं आणली आणि तिथून हा खेळ बदलला. त्याआधी लोक धातूच्या आणि मातीच्या मिश्रणाच्या चाकांवर हाडं खिळखिळी करून घेत होते.

डेकच्या, म्हणजे उभं राहायच्या फळीच्या, बाबतीत मी ड्रॉप-थ्रू प्रकारावर ठाम होते. यात ट्रकची, म्हणजे फळीखालच्या चाकं धरणाऱ्या धातूच्या सांगाड्याची, पट्टी डेकला पाडलेल्या खाचेतून आरपार बसते, त्यामुळे फळी जमिनीच्या जवळ येते. पायाने रेटा देताना गुडघा कमी वाकवावा लागतो, आणि चाळिशीनंतर हा फरक खूप मोठा असतो. शिवाय चाकांपाशी फळी कापलेली असल्याने वळणावर चाक फळीला घासून अचानक थांबण्याची भीती जवळजवळ राहत नाही. टोकदार शेपटीचा पिनटेल दिसायला सुंदर असतो, पण तो उंच असतो आणि त्यात ट्रकखाली रायझर पॅड (उंची वाढवणारी जाड पट्टी) घालून चाक घासत नाही ना, हे पाहावं लागतं. मी ३९ इंची मेपलचा ड्रॉप-थ्रू घेतला, १८० मिलिमीटरचे, ५० अंशांचे उलट्या किंगपिनचे ट्रक (किंगपिन म्हणजे ट्रकच्या मधला मुख्य बोल्ट), ७० मिलिमीटरची ८० ए चाकं. सुटे भाग जमवण्यापेक्षा पूर्ण जोडलेला बोर्ड पहिल्यांदा चांगला : स्वस्त पडतो, आणि ट्रक, चाकं, फळी एकमेकांना जुळतील की नाही याचा विचार बनवणाऱ्याने केलेला असतो. हवा तो इथे मिळेना, म्हणून परदेशी विक्रेत्याकडे ऑर्डर दिली.

पार्सल मुंबईपर्यंत भराभर आलं आणि तिथे थांबलं.

आधी कुरिअर कंपनीचा ओळखपत्रासाठी मेल आला. आधार अपलोड केलं, मंजूर झालं. मग दुसरा मेल : “सदर खेळण्यासाठी बीआयएस प्रमाणपत्र सादर करावे.” बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो. खाली मुदत, आणि मुदतीत कागद न आल्यास पार्सल परत पाठवलं जाईल किंवा नष्ट केलं जाईल अशी ओळ.

नियम काय आहे तो आधी सांगते. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेबद्दलचा आदेश २०२० सालचा आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. खेळणं इथे बनलेलं असो की बाहेरून आलेलं, त्यावर आयएसआय खूण हवी, आणि त्यासाठी कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना हवा. नियम चांगला आहे. लहान मुलं खेळणी तोंडात घालतात, रंगात काय आहे ते तपासलंच पाहिजे. पण आदेशातली खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंची आहे. माझा बोर्ड त्यात बसतच नव्हता. आणि परवाना कारखान्याला मिळतो. एक बोर्ड विकत घेणारी बाई तो आणणार कुठून? मागितलेला कागद माझ्याकडे असणंच शक्य नव्हतं, आणि पोर्टलवर दुसरं काही लिहायला जागा नव्हती.

इथल्या शाखेत गेले. तिथे उत्तर मिळालं, “आम्ही फक्त डिलिव्हरी करतो, क्लिअरन्स मुंबईला.” मुंबईच्या हेल्पलाइनवर भाषा निवडा, मग पार्सल क्रमांक दाबा, मग संगीत ऐका, आणि शेवटी : “आपण जवळच्या शाखेत संपर्क साधा.” पुन्हा शाखेत. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. स्क्रीनकडे बघून त्याने विचारलं, “मॅडम, भुरग्यांखातीर न्हय?” (मुलांसाठी ना?) मी म्हटलं, नाही बाबा, माझ्यासाठी आहे. तो गप्प झाला, आणि मग त्याने जी माहिती दिली ती हेल्पलाइनवर कुणीच दिली नव्हती : त्याच्या स्क्रीनवर मालाचं वर्णन “बसून चालवायचं खेळणं” असं होतं.

विक्रेत्याच्या इनव्हॉइसवर तसं काहीच नव्हतं. तिथे फक्त “स्केटबोर्ड, पूर्ण, १ नग” एवढंच. म्हणजे हा शब्द कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स विभागात कुणीतरी स्वतःहून घातला होता. दुकानदारांना जे वाटलं तेच त्यालाही वाटलं असणार : चाकं आहेत, म्हणजे लहान मुलाचं. फरक इतकाच की दुकानदाराच्या समजामुळे माझं काही अडलं नव्हतं.

मी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे माल काय आहे ते सांगून कस्टम्सला दिलेल्या कागदाची, प्रत मागितली. “ग्राहकाला देत नाही.” लेखी मागितली. तक्रार क्रमांक आला आणि उत्तराशिवाय “निराकरण झाले” असा शेरा मारून बंद झाला. पुन्हा नोंदवली, पुन्हा बंद. मुदतीची तारीख मात्र रोज समोर दिसत होती. शेवटी कंपनीच्या वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरात असलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल केला. त्यात एकच मुद्दा ठेवला : माझ्या नावाने सरकारला दिलेला कागद मला दाखवा. तेव्हा प्रत आली. शीर्ष ९५०३.

तुमचंही असंच अडकलं तर हे नीट वाचा. कस्टम्सच्या यादीत ९५०३ म्हणजे खेळणी, आणि तीनचाकी सायकली, स्कूटर, पायांनी चालवायच्या गाड्या यांसारखी चाकांची खेळणीही त्यातच. ९५०६ म्हणजे व्यायामाचं आणि खेळांचं साहित्य. स्केटबोर्डची जागा ९५०६ मध्ये. हे एकदा दुरुस्त झालं की बीआयएस प्रमाणपत्राचा प्रश्नच उरत नाही.

पत्र मी असं लिहिलं : वापरणारी व्यक्ती मी, वय ४१, सोबत आधार. एकच नग, स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही. बोर्डची लांबी, ट्रकचं माप, चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा, सोबत उत्पादकाच्या पानाची छापील प्रत. आदेशातली १४ वर्षांची व्याख्या. शेवटी थेट मागणी : शीर्ष ९५०३ ऐवजी ९५०६ करून बिल ऑफ एंट्री दुरुस्त करावी. सर्वांत जास्त उपयोग झाला तो उत्पादकाच्या दोन ओळींच्या मेलचा. “हा बोर्ड प्रौढ चालकांसाठी आहे, लहान मुलांसाठी नाही,” असं त्यांना लिहून मागितलं आणि त्यांनी ताबडतोब दिलं. हा कागद पहिल्या दिवशीच मागून ठेवा.

पोर्टलची एक खोच आहे. कागदाचा प्रकार निवडायच्या यादीत “खुलासा” नाही. “इतर” निवडलं तर फाइल कुठे जाते कुणास ठाऊक, तिला उत्तर येत नाही. मी सगळे कागद एका पीडीएफमध्ये जोडले, फाइलला पार्सल क्रमांकाचं नाव दिलं आणि बीआयएस प्रमाणपत्राच्याच चौकटीत चढवली. ती चौकट कुणीतरी उघडून बघतं, कारण मुदत तिलाच लावलेली असते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : हे प्रमाणपत्र नाही, चुकीच्या वर्गीकरणावरचा आक्षेप आहे.

त्यानंतर पार्सल सुटलं. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने एकही उलटा प्रश्न विचारला नाही. सगळा अडथळा मधल्या टेबलावर होता. ड्यूटी जी लागायची ती लागली, ती मी गृहीतच धरली होती आणि तुम्हीही धरा, बोर्डच्या किमतीत ती मिळवूनच परवडतं का ते ठरवा. पण कुरिअरच्या बिलात गोदामात ठेवल्याचं भाडंही होतं. चूक त्यांची, दिवस त्यांनी घालवले, भाडं मी का द्यायचं? दारात पार्सल आल्यावर वाद घालत बसले नाही, पैसे भरले, बोर्ड आत घेतला, आणि मग त्याच निवारण अधिकाऱ्याला बिलाच्या प्रतीसह लिहिलं. भाड्याचे पैसे परत आले. रक्कम फार नव्हती, पण ते परत मिळाल्याचा मला बोर्ड मिळाल्याइतकाच आनंद झाला.

एक गोष्ट खरं तर सुरुवातीलाच यायला हवी : ऑर्डर देतानाच विक्रेत्याला सांगा की इनव्हॉइसवर “प्रौढांसाठी लाँगबोर्ड, क्रीडा साहित्य” आणि शीर्ष ९५०६ स्पष्ट लिही. “स्केटबोर्ड, १ नग” एवढं पुरत नाही.

आता जोडणीबद्दल. बोर्ड जोडलेला आला तरी कारखान्यातली जोडणी सरासरी माणसासाठी असते. आधी किंगपिनची दिशा बघा : उलट्या किंगपिनच्या ट्रकमध्ये दोन्ही किंगपिन बोर्डच्या टोकांकडे, बाहेर तोंड करून असायला हवेत. एक जरी ट्रक उलटा बसला असेल तर बोर्ड नीट वळणार नाही. मग प्रत्येक चाक हाताने फिरवा. चाकाचा नट पूर्ण आवळायचा आणि चाक धुऱ्यावर अगदी जेमतेम डावी-उजवीकडे हलेल इतपत सैल करायचा. माझं एक चाक घट्ट होतं, दोन मिनिटांत सुटलं. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंचे छोटे वॉशर पडू देऊ नका, पडले तर कोपऱ्यात जातात आणि सापडत नाहीत.

पान्यांचा मुद्दा आमच्या गल्लीतल्या फिटर काकांमुळे कळला. या बोर्डचे नट इंचात असतात आणि आपल्याकडचे पाने मिलिमीटरमध्ये. चाकाचा नट अर्धा इंच, त्याला तेराचा पाना चालून जातो. फळीच्या बोल्टांचा नट ३/८ इंच, त्याला दहाचा थोडा सैल बसतो पण भागतं. किंगपिनचा नट मात्र ९/१६ इंच असतो : चौदाचा पाना त्यावर जात नाही आणि पंधराचा घसरून कोपरे खातो. इंची पाना आणा किंवा स्केट टूलच घ्या. किंगपिनशिवाय बोर्डची खरी जुळवणी होत नाही.

किंगपिनचा नट आवळला की बोर्ड स्थिर पण हट्टी होतो, सैल केला की सहज वळतो पण वेगात थरथरतो. पाव फेरा सैल करायचा, फिरून यायचं, मग पुढचा पाव फेरा. नटातली प्लॅस्टिकची कडी किंगपिनच्या आट्यांना धरून राहील इतपतच सैल करा, त्याखाली जाऊ नका. ट्रकमधली रबरासारखी बुशिंग सुरुवातीला कडक वाटतात, वापराने सैलावतात, म्हणून लगेच बदलू नका. उतारावर थरथर सुरू झाली तर वजन पुढच्या पायावर घ्या, मागे झुकलात तर ती वाढते.

फिरायला मी फर्मागुडीच्या पठारावर आतल्या सपाट रस्त्यावर जाते, सुट्टीच्या सकाळी मिरामार ते दोना पावला. मिरामारला समुद्राची वाळू रस्त्यावर येते, तिथे उतरून बोर्ड हातात घ्या. फर्मागुडीहून फोंड्याकडे उतरणाऱ्या मुख्य रस्त्यावर बोर्डने जाऊ नका, उतार आणि रहदारी दोन्ही जिवावर बेतणारी आहेत. एक पाय जमिनीवर घासून थांबणं आधी शिका, वेग नंतर. हेल्मेट पहिल्या दिवसापासून.

जून ते सप्टेंबर बोर्ड घरात, किंवा इमारतीच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये. ओल्या रस्त्यावर मऊ चाकंही घसरतात आणि पाणी गेलेलं बेअरिंग आपल्या खाऱ्या हवेत पटकन गंजतं. भिजलंच तर त्याच दिवशी बेअरिंग काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळवा, हलक्या तेलाचे एक-दोन थेंब घाला. गंज सोडवायचा स्प्रे मारून काम भागवू नका, तो उडून जातो आणि बेअरिंग कोरडं राहतं. नवीन घ्यायची वेळ आली तर त्यासाठी परदेशातून पार्सल मागवू नका. स्केटबोर्डला लागतं ते ६०८ मापाचं बेअरिंग : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. छोट्या मोटरींनाही हेच लागतं, त्यामुळे बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगितला की काउंटरवरच मिळतं.