कापड नवे घातले

साताऱ्याच्या आमच्या घरात देवघराच्या दाराशेजारी अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, एक फोटो आहे. खाकी हाफ पँट, कोपराच्या वर गुंडाळलेल्या बाह्या, आणि एक हात विमानाच्या कुशीवर, जसा बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. पाहुणे आले की चहा यायच्या आत बाबा त्यांना तिथे उभं करणार. "हे आमचे वडील. बर्माच्या लढाईत होते. आणि हे स्पिटफायर." स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं नावाजलेलं लढाऊ विमान. ते नाव घेताना बाबांचा आवाज थोडा चढतो. पन्नासेक वर्षं तरी मी हे ऐकत आलेय.

गेल्या दिवाळीत मी त्यांना सांगितलं की ते स्पिटफायर नाही. पुढचे दोन दिवस चकली-शेवेवर बोलणं बेताचंच झालं.

सुरुवात माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेने झाली. घराचं प्लॅस्टर काढायचं म्हणून ती खाली उतरवली, तर गीतेच्या पोथीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले सतरा फोटो निघाले. पाचांत विमानं, बाकी सगळे तंबू, माणसं, आणि एका फोटोत नुसता कुत्रा. मागे शाईने दोन-चार शब्द लिहिलेले, पण मोडीत. अण्णा मोडी शिकलेल्या शेवटच्या पिढीतले. आमच्या घरात आता ती कोणालाच वाचता येत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. विमानातलं मला काही कळत नव्हतं, पण ओळख पटवणं हा माझा रोजचा धंदा आहे. मुलांना मी सांगते, फुलाच्या रंगाला भुलू नका, आधी पान बघा, पान कुठे चिकटलंय ते बघा. तोच हिशोब इथे लावला. पंख वर चिकटलाय की खाली? पंखाची कड सरळ की गोल? नाकाशी गोल इंजिन आहे की निमुळतं तोंड? चाकं पोटात जातात की बाहेरच राहतात?

पहिलं विमान अर्ध्या तासात सापडलं, कारण ते दुसऱ्या कशासारखंच नाही. पंख डोक्यावर, आणि तो बुंध्याशी अरुंद, मध्ये रुंद, टोकाशी पुन्हा अरुंद. चाकांवर मोठाले बूट चढवलेले. हे लायसँडर. मागे उघडे बोडके डोंगर आहेत, हिरवं काही नाही. अण्णा सरहद्दीकडे पेशावर-कोहाटला शिकायला होते हे घरात माहीत होतंच. वाचताना एक गोष्ट कळली ती मला फार आवडली. आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला, म्हणजे विमानांच्या तुकडीला, १९४१ च्या नोव्हेंबरात पेशावरला जी १२ लायसँडर मिळाली, ती मुंबई इलाख्याच्या युद्धनिधीतून. म्हणजे लोकांच्या वर्गणीची विमानं. तीच घेऊन स्क्वाड्रन लीडर मजुमदार १९४२ च्या फेब्रुवारीत बर्मात टाउंगूला गेले. ते पोचताच शत्रूने तळावर बॉम्ब टाकले, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पंखाखाली २५० पौंडांचे दोन बॉम्ब अडकवून जपान्यांच्या तळावर परतफेड केली. लायसँडर हे मुळात टेहळणीचं विमान. बैलगाडी शर्यतीत उतरवावी तसला प्रकार.

दुसऱ्या विमानाने मात्र आठवडा खाल्ला. गोल तोंडाचं धिप्पाड धूड, दोन माणसांसाठी लांबलचक काचेची पेटी, आणि पंखाचा आकार असा की आधी वाटलं फोटोच वाकलाय. अंगाजवळ पंखाची पुढची कड मागे कलते आणि मग मध्येच विचार बदलल्यासारखी सरळ होते. हे व्हल्टी व्हेंजन्स. अमेरिकेत बनलेलं, ब्रिटिशांनी मागवलेलं, सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकणारं. आपल्या हवाई दलात फक्त दोन स्क्वाड्रननी ते लढाईत वापरलं, सातव्या आणि आठव्या. विमानाच्या कुशीवरचं गोल चिन्ह लहानसं आहे, बाहेर गडद आणि आत फिकट. एरवी ब्रिटिश चिन्हात मधोमध लाल टिकली असते. पण जपानी विमानांवर लाल गोळाच असायचा, घाईत आपल्याच माणसांनी आपल्यालाच पाडायला नको, म्हणून १९४३ च्या मध्यापासून या आघाडीवर लाल रंग काढून टाकला. म्हणजे फोटो त्यानंतरचा.

आणि मग माझ्या विषयाने मला हात दिला. विमानामागे कमरेएवढी, वरून सपाट कापलेली झुडपं रांगेत दिसतात, आणि त्यांच्यावर विरळ सावली धरणारी शिरीषाच्या कुळातली झाडं. चहाचा मळा! विमानाकडे बघून बघून डोळे दुखले होते आणि पत्ता मागच्या झुडपांत होता. सातवी स्क्वाड्रन १९४४ च्या मार्चपासून सिल्चरजवळ उदरबंदला होती, ऐन चहाच्या मुलुखात. तिथून तिची व्हेंजन्स इंफाळ-कोहिमाच्या लढाईसाठी उडत होती. आठवी तेव्हा खाली बर्माच्या किनाऱ्याकडे, आराकानच्या बाजूला.

आता भिंतीवरचा फोटो. तो फ्रेममधून काढायचा म्हटल्यावर बाबा स्वतः पक्कड घेऊन बसले, मला हात लावू देईनात. काच बाजूला झाली आणि मी भिंग घेतलं. विमान पूर्ण दिसत नाही, अण्णांच्या पाठीमागून शेपटीकडे जाणारा भाग आणि पोटाखालचा थोडा, एवढंच. पण तेवढं पुरलं. स्पिटफायरचं अंग पत्र्याचं, गुळगुळीत. इथे मात्र शेपटीकडे लांब लांब उभार गेलेत, अशक्त गाईच्या बरगड्यांसारखे. पोटाखाली मधोमध रेडिएटरचा खोका. स्पिटफायरचे रेडिएटर पंखाखाली असतात. चाकांचे पाय फाकलेले, दोन्हींत चांगलं अंतर. स्पिटफायर उभं राहतं ते पाय जवळ घेऊन, अवघडल्यासारखं. हे हरिकेन होतं, त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान.

"तुला काय कळतंय त्यातलं," बाबा म्हणाले. रास्तच होतं.

म्हणून मागचं मोडी वाचून घ्यायचं ठरवलं. आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे एक सर मोडी जाणतात. त्यांना सगळ्या फोटोंच्या पाठी मोबाइलवर पाठवल्या. संध्याकाळी फोन आला. "बहुतेक ठिकाणी 'पाऊस' आहे. एका ठिकाणी 'तंबू गळतो'. पण तो फ्रेममधला आहे ना, त्याच्यामागे लिहिलंय, 'कापड नवे घातले'. तुमचे आजोबा कापडाच्या दुकानात होते का हो?"

मी हसले, फोन ठेवला, आणि मग जागेवरच बसले.

अण्णा रिगर होते. इंजिनवाले वेगळे, रिगर म्हणजे विमानाच्या अंगाची देखभाल करणारे. हरिकेनच्या सांगाड्याला नळ्या धातूच्या, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि कॉकपिटच्या मागचं सगळं अंग कापडाचं. ताणून बसवलेलं कापड, शिवलेलं, आणि वरून डोप नावाचं रोगण. डोप वाळलं की कापड आवळतं आणि तबल्यासारखं टणटणीत होतं. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावायचं, डोप मारायचं, आणि विमान परत उडायला तयार. फोटोतल्या त्या बरगड्या म्हणजे कापडाखालून दिसणाऱ्या लाकडी पट्ट्या.

आता हे ऐका. आमच्या घरात दप्तरं अण्णा शिवायचे. आजी नव्हे, अण्णा. धाग्याला आधी मेण लावणार, मग बारीक एकसारखे टाके, आणि दर चार-पाच बोटांवर एक गाठ. मी विचारलं होतं, गाठ कशाला? म्हणाले, "एका जागी उसवलं तरी पुढचं धरून राहतं." माझं पाचवीतलं दप्तर दहावीपर्यंत टिकलं आणि त्याची मला लाज वाटायची. दुसरी आठवण आत्याची. ती नखांना पॉलिश लावायला बसली की अण्णा उठून अंगणात जायचे. सगळे समजायचे, जुन्या वळणाचे आहेत, नटणं-मुरडणं आवडत नाही. एकदाच ते आत्याला म्हणाले होते, "वास कांपातला येतो." डोपचा वास तसाच असतो, नेलपॉलिशसारखा. हे मला आता साठीच्या उंबरठ्यावर कळतंय, आणि आत्याला सांगायची सोय राहिली नाही.

तर एकाच माणसाच्या फोटोंत आधी व्हेंजन्स आणि मग हरिकेन. १९४४ च्या अखेरीस सातव्या स्क्वाड्रनने व्हेंजन्स सोडून हरिकेन घेतली. तेव्हा तिचे प्रमुख होते पी. सी. लाल, जे पुढे १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते. आठव्या स्क्वाड्रनला व्हेंजन्सच्या बदल्यात मिळाली स्पिटफायर. चहाचे मळे, व्हेंजन्स, हरिकेन अशी मोट बांधली तर अण्णा सातव्यात होते असं मी धरून चालले आहे. एका आकड्याने बाबांचं स्पिटफायर हुकलं.

हे सगळं मी बाबांना कागदावर आकृत्या काढून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, काहीच बोलले नाहीत. दप्तराच्या गाठींपाशी मात्र चष्मा काढून पुसला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, सकाळी सातला. भाच्याला कामाला लावून त्यांनी शोध घेतला होता. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ मध्ये, हरिकेनवाल्या स्क्वाड्रनांनाही स्पिटफायर मिळत गेली, खरं ना? खरं, मी म्हटलं. आणि अण्णांचा हवाई दलातून सुटल्याचा कागद १९४६ चा आहे, खरं ना? तेही खरं. महिना तेवढा वाचता येत नाही, शाईवर पाणी पडलंय. "मग?" बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

परवा साताऱ्याला गेले होते. मामेभावाचे व्याही पहिल्यांदाच घरी आलेले. मी आत चहा गाळत होते, बाहेरून बाबांचा आवाज आला. "हे आमचे वडील. बर्माच्या लढाईत होते. आणि हे हरिकेन. शेपटीकडून कापडाचं असतं ते, ह्यांनी शिवलेलं." मग जरा थांबून, चढ्या आवाजात, "स्पिटफायर नंतर आलं. त्याचा फोटो नाही."