नोव्हेंबरच्या लाटांत स्ट्रायपर : सी ब्राइटहून कायाक फिशिंग

न्यू जर्सीच्या समुद्रात कायाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतून, स्ट्राइप्ड बास (यालाच स्ट्रायपर म्हणतात) गरवायला जायचं, तर मासा लागेल की नाही ही दुसरी काळजी. पहिली काळजी किनाऱ्यालगतच्या तीस-चाळीस मीटरची, जिथे लाट फुटते. तो पट्टा जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडावा लागतो. या सफरीत चार कायाक गेल्या, पाच मासे लागले आणि जे काही मोडलं ते परतताना शेवटच्या दहा मीटरमध्ये मोडलं. त्यामुळे इथे माशापेक्षा लाटेबद्दल जास्त लिहिलं आहे.

ठिकाण सी ब्राइट. सँडी हूकच्या दक्षिणेला, एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला श्रूजबरी नदी अशी ही चिंचोळी पट्टी आहे. एडिसनच्या बाजूने निघालं तर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर तासाभराच्या आत पोचता येतं. उन्हाळ्यातले बीच बॅज, म्हणजे किनाऱ्याचे प्रवेश पास, लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लागत नाहीत, पण कायाक कुठून उतरवायची आणि पहाटे गाडी कुठे लावायची याचे नियम गावागणिक बदलतात. ते आदल्या दिवशीच पाहून ठेवावेत.

दिवस नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, सूर्योदय ६.४० च्या सुमारास. पाणी १३ अंश सेल्सिअस. उन्हाळा न्यू इंग्लंडकडे काढलेले स्ट्रायपर या दिवसांत दक्षिणेकडे परततात आणि बंकरच्या मागे किनाऱ्याला अगदी चिकटून चालतात. बंकर म्हणजे मेनहेडन, आपल्या तारलीच्या जातकुळीतला तेलकट मासा. गॅनेट पक्षी उंचावरून पंख मिटून पाण्यात घुसताना दिसले, की खाली बंकरचा थवा आहे असं समजायचं.

निघायचं की नाही हे ठरवताना नुसत्या हवामानाच्या ॲपवर विसंबू नका. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी नोआचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या समुद्र-हवामान संस्थेचा, ४४०६५ क्रमांकाचा बॉय (मोजमाप करणारा तरंगता बोया) आहे. तो लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद आणि पाण्याचं तापमान देतो. त्या पहाटे आकडा होता ०.९ मीटर, ९ सेकंद. उंचीइतकेच सेकंदही महत्त्वाचे असतात. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि या कालावधीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ०.९ मीटरचीच लाट ६ सेकंदांऐवजी ९ सेकंदांनी येत असेल तर तिच्यात दीडपट जोर असतो. वर ती किनाऱ्याजवळ येताना जास्त उभी राहते. आमच्या मते १.२ मीटर आणि ८ सेकंद हे दोन्ही आकडे ओलांडले असतील तर भरल्या कायाकने जाऊ नये. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ०.६ मीटरच्या वर तर विचारही करू नये.

वारा वायव्येचा होता, १० नॉट. कोकणात ज्याला मतलई वारा म्हणतात तोच हा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. हा वारा लाटेला समोरून थोपवतो आणि समुद्र साफ दिसतो. यात दोन फसगती आहेत. वाळूवर उभं राहून बाहेरच्या खवळाचा अंदाज येत नाही, कारण वाऱ्याची खळबळ किनाऱ्यापासून दूर गेल्यावर वाढत जाते. दुसरं म्हणजे हा वारा तुम्हाला सतत बाहेर ढकलत असतो, आणि दमलेल्या हातांनी परतताना तोच समोरून लागतो. १२ नॉटच्या वर पश्चिमेचा वारा असेल तर किनाऱ्यापासून ५०० मीटरच्या पलीकडे जायचं नाही, हा आमचा नियम. त्या दिवशी वारा कमी असूनही चौघांनी तो पाळला.

आता भरती-ओहोटी, कारण चूक इथेच झाली. मुंबईच्या उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं. सँडी हूकला सरासरी फरक १.४ मीटरचा, त्यामुळे आपल्याकडची माणसं इथल्या भरतीला किरकोळ समजतात. पण या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकापासून यंत्रांनी वाळू आणून टाकली जाते आणि त्यामुळे पाण्याच्या कडेचा उतार बऱ्याच ठिकाणी उभा झाला आहे. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते. ओहोटीला तेवढी खोली बाहेरच्या बारवर, म्हणजे पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर मिळते. लाट तिथे फुटते आणि फेस होऊन मवाळपणे आत येते. पूर्ण भरतीला बारवर पाणी भरपूर असतं, लाट न फुटता थेट कडेपर्यंत येते आणि त्या उभ्या उतारावर एकदम आपटते.

आमच्या दिवशी ओहोटी ४.३० ला होती, भरती १०.४० ला. पाण्यात उतरलो ६.४५ ला, तेव्हा पाणी तिसऱ्या हिश्श्याएवढं चढलं होतं आणि निघणं सोपं गेलं. परत ८.३० ला यायचं ठरलं होतं. मासे लागायला सुरुवात झाली ८ वाजता, आणि परतलो १० वाजता. बारा भागांचा साधा हिशेब केला असता तर कळलं असतं: सहा तासांत पाणी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक अशा भागांनी चढतं. म्हणजे १० वाजता जवळजवळ पूर्ण भरती. सकाळी ज्या किनाऱ्यावरून निघालो तो किनारा तेव्हा तिथे राहिलाच नव्हता.

पुढे जाणाऱ्यांनी हे उलट करावं. ज्या दिवशी भरती पहाटे ४-५ ला येते तो दिवस निवडा. मग तुम्ही बाहेर असताना पाणी उतरत जातं आणि तासभर उशीर झाला तरी उतरायची जागा सोपीच होते. चढत्या पाण्यात मासा जास्त लागतो असं पुष्कळजण सांगतात, खरंही असेल, पण उशिराची किंमत त्यातच जास्त आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, हेही तक्ता वाचताना ध्यानात ठेवा.

निघताना आधी पंधरा मिनिटं वाळूवर उभं राहून लाटा मोजायच्या. त्या जथ्यांनी येतात: त्या सकाळी चार-पाच मोठ्या, मग दीडेक मिनिट बारीक. दगडी जेटीपासून (समुद्रात गेलेल्या दगडांच्या बांधापासून) किमान पन्नास मीटर दूर राहायचं. लाटांच्या रांगेत जिथे फेस कमी आणि पाणी गढूळ, बाहेर ओढलं जाताना दिसतं, तिथे रिप करंट, म्हणजे बाहेर ओढणारा प्रवाह, असतो. निघताना त्याच्या कडेने गेलं तर तो फुकट बाहेर नेतो. येताना मात्र त्याच्यापासून लांब.

कायाकचं नाक सरळ लाटेकडे करून गुडघाभर पाण्यात न्यायची. स्वतः कधीही कायाक आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. सामानासकट पन्नास किलोची कायाक आडवी होऊन लाटेबरोबर आली तर गुडघा जातो. जथ्यातली शेवटची लाट गेली, की सीटवर बसायचं, पाय बाहेर असले तरी चालतील, पण वल्हं लगेच मारायला लागायचं. समोर फेस आला तर पुढे वाकून वल्ह्याचं पातं लाटेच्या पाठीत रोवायचं आणि ओढायचं. थांबलं की लाट मागे नेते, मागे नेलं की कायाक आडवी होते. पेडलवाल्या कायाकची ड्राइव्ह (पाण्यात चालणारी पेडलची यंत्रणा) आणि रडर (सुकाणू) हा पट्टा ओलांडेपर्यंत वरच ठेवायचे. वाळूला टेकले तर वाकतात.

बाहेर, साधारण ३०० मीटरवर, ६ ते ८ मीटर पाण्यात बंकर होता. सात फुटी मीडियम-हेवी रॉड, ४००० मापाचं रीळ, ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोर) आणि पुढे गरीजवळ ४० पौंडी फ्लुरोकार्बनचा मीटरभर लीडर एवढं पुरतं. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना रीळ दोर सोडतो तो ताण, साडेतीन किलोच्या आसपास. त्याहून घट्ट असेल तर जोराचा मासा बाजूने ओढताना कायाकच कलते. पाचपैकी तीन मासे एक औंसाच्या जिगहेडवरच्या (वजन जोडलेल्या गरीवरच्या) सहा इंची सॉफ्ट प्लास्टिकच्या नकली माशाला लागले. पद्धत साधी: थव्याच्या मधोमध टाकायचं नाही, कडेला टाकायचं आणि तळाला जाऊ द्यायचं. मोठा स्ट्रायपर थव्याच्या खाली, जखमी मासा पडायची वाट पाहत असतो. उरलेले दोन ट्यूब-अँड-वर्मवर, म्हणजे टोकाला गांडुळासारखा किडा लावलेल्या रबरी नळीवर, ताशी साडेतीन किलोमीटरच्या संथ वेगाने ओढताना लागले. पेडल मारणारे घाई करतात, म्हणून त्यांना हा वेग जमत नाही.

लुअरवरचे (नकली आमिषावरचे) ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांच्या गऱ्या, घरीच काढून एकेरी गऱ्या लावा. मांडीवर तडफडणारा मासा आणि तीन टोकांची गरी एका कायाकमध्ये नकोत. आमिष लावून गरवायचं तर सर्कल हुकच, म्हणजे टोक आत वळलेली गोलाकार गरीच, वापरावी लागते. बंकरला ट्रेबलने अडकवून तिथेच पोहत ठेवायची जुनी रीत आता नियमात बसत नाही. अडकवलेला बंकर वर घेऊन सर्कल हुकवर लावायचा. आणि सर्कल हुकवर मासा ओढायला लागला की झटका द्यायचा नाही, फक्त दोर ताणत न्यायचा. झटका दिला की गरी तोंडातून निसटते.

समुद्रातला नियम: दिवसाला माणशी एक मासा, लांबी २८ ते ३१ इंच, म्हणजे सुमारे ७१ ते ७९ सेंटीमीटर. ही वरची मर्यादा २०२३ मध्ये आली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत या माशाची संख्या घसरल्याचं स्पष्ट झालं होतं, आणि हे मासे जिथे अंडी घालतात त्या चेसापीक उपसागरात त्यानंतरची वर्षं नवी पिल्लं फार कमी आली. सोडून दिलेली मोठी मादी लाखो अंडी घालते, म्हणून हा नियम आम्हाला मनापासून पटतो. किनाऱ्यापासून तीन नॉटिकल मैलांपलीकडे स्ट्रायपर धरायलाच बंदी आहे. गॅफ, म्हणजे मासा ओढायचा दांड्याचा आकडा, वापरायचा नाही. न्यू जर्सीत सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाने राज्याच्या सॉल्टवॉटर रजिस्ट्रीत नाव नोंदवायचं असतं. मासा विकायला परवानगी नाही. आकडे दर हंगामाआधी राज्याच्या पानावर पाहावेत, ते बदलतात.

आमच्या पाचांतले दोन मापात बसले, त्यातला एक ठेवला. एक ३७ इंची होता. असा मासा जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही, पोटाखाली हात द्यायचा. मोजपट्टी आधी ओली करायची. सोडताना शेपटीच्या मुळाशी धरून तोंड वाहत्या पाण्याकडे ठेवायचं. तो हाताला हिसडा देईपर्यंत सोडायचा नाही. गिलच्या झाकणाची कड आणि पाठीवरचे काटे धारदार असतात, हातमोजे घाला.

बंकर जिथे, तिथे हंपबॅक व्हेलही येतात. थव्यातला बंकर अचानक एकगठ्ठा वर उडायला लागला तर तिथून बाजूला व्हा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात अवीला बीचजवळ असाच वर आलेल्या व्हेलने दोघींची कायाक उलटवली आणि त्या क्षणभर त्याच्या तोंडात सापडल्या होत्या. त्या वाचल्या.

आता परतीचा भाग. लाटांच्या बाहेर थांबून सगळं आवरायचं: रॉड आडवे करून आत किंवा डेकवर दोन ठिकाणी बांधायचे, फिश फाइंडर काढायचा, हॅच (डेकवरचं झाकण) दाबून बंद करायचं, वल्ह्याचा लीश (वल्हं कायाकला बांधणारी दोरी) सोडायचा. लीश खोल पाण्यात जीव वाचवतो, पण फुटणाऱ्या लाटेत तोच गळ्याला आणि हाताला गुंडाळतो. मग मोठा जथा जाऊ द्यायचा आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवर, तिच्या मागोमाग यायचं, पुढे कधीच नाही. मागची लाट जवळ आली तर उलटं वल्हं मारून तिला खालून जाऊ द्यायचं.

पहिल्या दोन कायाक अशाच आल्या. तिसऱ्या कायाकवर एक रॉड मागच्या होल्डरमध्ये उभाच राहिला होता आणि लीशही लागलेला होता. लाटेने शेपूट उचललं, नाक उतारात रुतलं, कायाक आडवी होऊन उलटली. रॉड दोन ठिकाणी मोडला, हॅचमधून पाणी शिरलं, आणि लीशचा विळखा दंडाला पडला. कडेवर थांबलेल्या दोघांनी समुद्राच्या बाजूने जाऊन माणसाला आधी बाहेर घेतलं, कायाक नंतर. हेल्मेट होतं, म्हणून खांद्याला मुका मार यावर भागलं. चौथ्याने हे पाहून निराळी रीत वापरली: लाट फुटते त्याच्या बाहेर, समुद्राच्या बाजूलाच, पाण्यात उतरला, मागचं हँडल धरलं आणि कायाक पुढे, स्वतः मागे, असा पोहत लाटांबरोबर आला. पूर्ण भरतीत उतरायची वेळ आलीच तर हीच रीत सर्वांत कमी धोक्याची.

हे करता आलं ते ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरणारा पोशाख, होता म्हणून. १३ अंशांच्या पाण्यात पहिलं मिनिट नुसतं धापा टाकण्यात जातं, आणि पुढे बोटं ऐकेनाशी होतात. ड्रायसूटच्या आत लोकरीचे दोन थर, वर लाइफ जॅकेट, त्याच्या खिशात तरंगणारा व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर (संकटात हाक देण्याचा चॅनेल), शिट्टी आणि सुरी. पहाटे अंधारात उतरणार असाल तर पांढरा दिवा आणि रात्रीचा संकटसूचक दिवाही लागतो. ड्रायसूटची मानेची आणि मनगटाची सील फाटली आहे का, हे घरूनच बघा.

ठेवलेला मासा लगेच गिल कापून रक्त काढून बर्फात घातला होता. फिले काढताना कातडीखालचा तांबूस पट्टा आणि चरबी पूर्ण कापून टाका. वास तिथेच असतो आणि पीसीबीसारखी (जुनी औद्योगिक, विषारी) रसायनंही चरबीतच साठतात. गरोदर बाई किंवा लहान मुलं घरात असतील तर राज्याचा मासे खाण्याविषयीचा सल्ला वाचूनच वाढा. उरलेलं मांस घट्ट, पांढरं असतं, रवा लावून तळायला सुरमईसारखंच चालतं.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराच्या फवाऱ्याने मीठ आत जातं. कायाकचं ड्रेन प्लग काढून उलटी करा. आमच्या तिसऱ्या कायाकमधून जवळजवळ बादलीभर पाणी आणि वाळू निघाली. हॅचच्या रबरी कडेत वाळूचे कण अडकले होते, पाणी तिथूनच शिरलं होतं.