वाजली तर वाजली

गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, असं आपण सगळेच म्हणतो. ती कुणी खरोखर वाजवून बघितल्याचं मात्र ऐकिवात नाही. नोकरी सोडून धंद्यात पडणाऱ्याला, ऐन वेळी अपक्ष उभं राहणाऱ्याला आपण ही म्हण ऐकवतो आणि गाजर मुकाट्याने कोशिंबिरीत किसतो.

माझ्या पाच वर्षांच्या लेकीने ही म्हण आजीच्या तोंडून ऐकली आणि लगेच विचारलं, "कशी करतात?" आजीने "बाबाला विचार" म्हणून हात झटकले. बाबाला अर्थातच माहीत नव्हतं, पण घरात ड्रिल मशीन होतं.

तर ज्यांना करून बघायची असेल त्यांच्यासाठी. गाजर सरळ आणि जाड हवं. हिवाळ्यातली लाल गाजरं हलव्याला उत्तम, पण पुंगीसाठी बारमाही मिळणारी केशरी, टणक गाजरं बरी. देठाकडचा भाग आडवा कापायचा, ड्रिलचं जाडसं पातं गरम पाण्याने धुऊन घ्यायचं आणि गाजर मधोमध उभं पोखरायचं. शेंड्याकडचं टोक बंदच राहू द्यायचं. मग वरच्या काठाला खालचा ओठ टेकवून, रिकाम्या बाटलीवर फुंकतो तशी तिरकी फुंकर मारायची. पहिल्यांदा नुसती हवा जाते, थोडा गाजराचा रस नाकात जातो. ओठ जरा मागेपुढे केले की अचानक एक जाड, गोल "हूऽऽ" निघतो. गाजरातून असा आवाज येईल यावर फुंकणाऱ्याचाही विश्वास बसत नाही. लेकीने पुंगी हिसकावून घेतली, दोनदा वाजवली आणि खाल्ली. म्हणीत "नाहीतर" आहे, तिच्या लेखी तिथे "आणि" होतं.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात तर भाज्यांचा अख्खा वाद्यवृंद आहे, १९९८ पासून. गाजरांच्या बासऱ्या, भोपळ्याचे ढोल असला सगळा थाट. दर कार्यक्रमाला ताज्या भाज्या आणून वाद्यं कोरतात आणि कार्यक्रम संपला की प्रेक्षकांना भाज्यांचं गरम सूप देतात. संगीताच्या मैफलीत इतका व्यवहारी शेवट मी दुसरा ऐकलेला नाही.

गाजरानंतर आमच्या घरात कुठलीच वस्तू गप्प बसेना. रविवारी सकाळी शेजारचा तीन वर्षांचा छोटूही येऊ लागला. त्याची आवड वेगळी. त्याला खुळखुळे लागतात. औषधाच्या रिकाम्या डब्यांत आम्ही एकीत तांदूळ भरले, एकीत साबुदाणा, एकीत हरभरे, आणि झाकणांना चिकटपट्टी गुंडाळली. ही पट्टी शोभेची नाही. एवढ्या लहान पोरांच्या हाती सुटा हरभरा म्हणजे नाकात किंवा घशात, त्यामुळे ती घट्टच हवी. तांदूळ सरसरतो, हरभरे दणदणतात, साबुदाण्याचा आवाज त्या दोन्हींच्या मधला, थोडा आळशी. छोटूने प्रत्येक डबी कानाशी धरून हलवली आणि मग प्रत्येकीची पट्टी सोलायला घेतली. आत काय आहे ते त्याला बघायचंच होतं. लहान मुलांना आवाजापेक्षा आवाजाच्या आतलं हवं असतं, आणि आपण नेमकं तेच झाकणाखाली बंद करतो.

लेकीच्या वाढदिवसाला कुणीतरी बॅटरीवर चालणारा पियानो दिला होता. बटण दाबलं की कुत्रा भुंकतो, दुसरं दाबलं की गाणं लागतं. आठवडाभर तो वाजला, मग तिने तो उलटा करून स्क्रू ड्रायव्हर मागितला. आत एक हिरवी पट्टी, दोन वायरी आणि एक छोटा स्पीकर. "कुत्रा कुठेय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर्किट वगैरे मी सांगू लागलो तोवर ती निघून गेली होती.

पुंगी-पिपाणीत ही अडचण येत नाही. आवाज कुठून येतो ते ओठांनाच कळतं. पिंपळाचं कोवळं पान देठाकडून गुंडाळून सुरळी करा, निमुळतं टोक बोटांनी चपटं दाबा आणि फुंका. ओठ झिणझिणले की समजायचं, लागली. माझी आई त्याहून वरच्या इयत्तेतली. मे महिन्यात आंबे खाऊन परसात टाकलेल्या कोयी पहिल्या पावसात रुजतात. अशी कोंब फुटलेली कोय घ्यायची, वरचं टणक कवच सोलायचं आणि आतल्या बीची एक बाजू दगडावर तिरकी घासायची. बीच्या दोन दळांमधली फट उघडी पडली की तोंडात धरून फुंकायचं. दोन्ही दळं एकमेकांवर थरथरतात आणि पीऽऽ करून एक कर्कश, तुरट आवाज निघतो. तुरट चवीलाही. सनईच्या तोंडाला जी पत्ती असते तिचं काम हेच, दोन पातळ पात्यांच्या फटीतून हवा जाताना थरथरणं. कोयीची पुंगी म्हणजे लग्नघरी न पोहोचलेली सनई.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कोय रुजेपर्यंत थांबायचा धीर नसेल तर सरबताची नळी आहे. तिचं एक टोक दातांनी चपटं करायचं, दोन्ही कोपरे कात्रीने तिरके छाटून टोकदार करायचं, ते टोक तोंडात पुरतं आत घेऊन जोरात फुंकायचं. बदकासारखा ओरडा निघतो. खरी मजा पुढे आहे. एकाने फुंकत राहायचं आणि दुसऱ्याने समोरून कात्रीने नळी कापत जायचं. प्रत्येक तुकड्यागणिक आवाज वर चढतो. शेवटी नळी बोटभर उरते आणि फुंकणारा हसण्यामुळे फुंकू शकत नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून जी असंख्य खेळणी मुलांच्या हाती दिली, त्यांतही अशा शिट्ट्या आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्यातून खेळणी करणाऱ्या माणसाला ती मिळाली याचा मला व्यक्तिशः फार आनंद झाला होता. प्लॅस्टिकच्या नळ्यांवर बंदी आल्यापासून मात्र कागदी नळी वापरावी लागते. ती दोन मिनिटांत भिजून मऊ पडते, आवाजही तिच्याबरोबर मान टाकतो. बंदी योग्यच आहे, पण वादकाची बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

मोठ्या माणसांना एक खोड असते. वाद्य तयार झालं की त्यातून लगेच सा रे ग म निघायला हवं. मीही चिनी मातीचे सात वाडगे मांडले, प्रत्येकात कमी-जास्त पाणी घातलं आणि मोबाइलवर सूर तपासत, चमच्याचमच्याने पाणी वाढवत जलतरंग लावायला बसलो. जास्त पाणी, खालचा सूर. गंधारापर्यंत आलो होतो. लेक शेजारी बसून एका वाडग्यावर पेन्सिल आपटत होती आणि आपटता आपटता त्यात तांब्याने पाणी ओतत होती. टण् टण् टण् म्हणता म्हणता तो सूर खाली घसरत गेला, कुठेही न तुटता, एखाद्या गवयाने मींड घ्यावी तसा. तिने पाणी काढून परत तेच केलं. मग वाडगा वाजवून हातात उचलला आणि हिंदकळवला. आवाज लाटेसारखा हलायला लागला. माझे गंधार, मध्यम तिने केव्हाच एकमेकांत ओतून टाकले होते. मी मोबाइल बाजूला ठेवला, कारण त्यावर दाखवता येईल असा सूर आता कुठल्याच वाडग्यात शिल्लक नव्हता.

त्यानंतर तिने बाटल्यांकडे मोर्चा वळवला. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर पाणी वाढेल तसा सूर चढतो, वाडग्याच्या नेमका उलट. वाडग्यात चिनी माती थरथरते आणि पाणी तिला जड करतं. बाटलीत हवा थरथरते आणि पाणी तिची जागा खातं. हे मी तिला सांगितलं नाही. ती आळीपाळीने वाडगा आणि बाटली वाजवून दोघांवर रागावत होती, तो राग मला जास्त महत्त्वाचा वाटला.

आमचं सगळ्यात यशस्वी वाद्य माळ्यावरून आलं. संक्रांतीची सुगडं दरवर्षी उरतात. टाकवत नाहीत, वापरतही नाहीत. एका सुगडाच्या तोंडावर फुगा कापून ताणून बसवला आणि गळ्याशी सुतळी आवळली. बोटाने टिचकी मारली की "डुब्". सुगडाचं पोट लहान असूनही आवाजाला चांगली गोलाई असते. गोव्याचं घुमट म्हणजे मूळ कल्पना हीच: मातीचं मडकं, दोन तोंडं, मोठ्या तोंडावर कातडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरलं, आणि आता बकरीचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आमच्या सुगडाला दुसरं तोंड नाही, फुग्यावर "हॅपी बर्थडे" लिहिलेलं आहे, पण कूळ तेच.

आई पोळ्या करत होती तेव्हा लेकीने कणकेची गोळी पळवली आणि फुग्याच्या मधोमध चिकटवली. का, ते विचारू नका. हाती लागेल ते कुठेतरी चिकटवायचं वय आहे. पण "डुब्"चा "घुम्" झाला. आई तवा सोडून बाहेर आली. तिच्या माहेरी भजनी मंडळ होतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि भजन झालं की खरवडून काढतात, हे तिने लहानपणी रोज पाहिलेलं. तबल्याची काळी शाई म्हणजे त्याच युक्तीची कायमची सोय, लोहकीस आणि खळ घोटून थरांवर थर चढवलेली. नुसतं ताणलेलं कातडं बेसूर वाजतं. शाईच्या वजनामुळे त्याचे वरचे स्वर तारेसारखे सुरेल जुळतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये लिहून ठेवलं आहे. आमच्या गोळीला तेवढी शिस्त नव्हती. ती वाळली आणि छोटूने खाल्ली.

खरी वाद्यंसुद्धा मुळात स्वयंपाकघराची आणि परसाचीच लेकरं आहेत. मिरजेचे तानपुरे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांतून घडतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण सुरुवात शेतातल्या वेलापासूनच होते. डहाणू-जव्हारकडचा फुंकून वाजवायचा तारपा वाळलेल्या दुधीचा, बांबूच्या नळ्यांचा, ताडाच्या पानाचा आणि सांधे बुजवायला मेणाचा. कुणीतरी कधीतरी रिकाम्या भोपळ्यावर टकटक केली असणार आणि घरच्या मोठ्यांनी "आधी भाजी निवड" म्हणून त्याला हाकललं असणार.

गणपतीत सोसायटीच्या आरतीला लेक सुगड घेऊन गेली. आरतीला कुणाला काही वाजवायची बंदी नसते. टाळ, झांजा, ताट, चमचा, टाळ्या, सगळं चालतं, आणि ताल सोडून वाजवणारा एकटा कधीच नसतो. तिचा "डुब्" कुणाला ऐकू गेला नसेल, पण ती मान हलवत अगदी जबाबदारीने वाजवत होती. तिसऱ्या आरतीत छोटूला तेच सुगड हवं झालं, दोघांत ओढाताण झाली आणि ते फरशीवर पडून फुटलं. माळ्यावरची बाकीची आम्ही आधीच संपवली होती.

"संक्रांत कधी आहे?" तिने रडत विचारलं.

"अजून वेळ आहे गं. पण मध्ये दिवाळी येईल, तेव्हा पणत्या आणू. पणतीवर फुगा लावू."

तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाबा, पणतीला पोट कुठे असतं?"