कानातल्या मळाने अडवलेली भरती

मी माण तालुक्यातला. आमचे आबा बेळगाव सेंटरच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, त्यामुळे वर्दीचं वेड लहानपणापासूनच. 2022 मध्ये सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. माझ्याबरोबरच्या दोघांनी तेव्हाच सराव सोडला. मला सोडवेना.

आता लेखी आधी, ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी नंतर. एका तासात 50 प्रश्न, चुकलं की अर्धा गुण वजा, म्हणून अंदाजाने ठोकायचं नाही.

ग्राउंडला आमची बॅच अंधारातच सुटली. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर 60 गुण, पुढच्या पंधरा सेकंदांत 48. मग मागे राहिलेल्यांना अडवायला दोरी ताणतात. आदल्या वर्षी ती दोरी माझ्या छातीसमोर ताणली गेली होती. काथ्या बोटांना टोचलेला अजून आठवतो. या वेळी ढकलाढकलीत न शिरता बाहेरच्या बाजूने पळालो, शेवटच्या फेरीत जीव काढला. पहिल्या ग्रुपमध्ये आलो! दम बसायच्या आत बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायचं. दहा मारले, 40 गुण. सराव करताना पळून आल्या आल्याच बीम मारा, ताज्या दमाने मारलेले मोजू नका. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, उंची-छातीचं माप पार पडलं. कागदपत्रंही निघाली, दाखल्यांवरचं नाव दहावीच्या सर्टिफिकेटशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

मेडिकलला डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि लिहिलं, तात्पुरता अनफिट. मळामुळे पडदाच दिसत नव्हता. दोन वर्षं पळालो आणि अडलो कुठे! बाहेर झाडाखाली बसून रडलो. आबांना फोन लावला.

"अरं, अनफिट म्हंजे घरी जा न्हवं. रिव्ह्यू, फेरतपासणी दिलीय ना? मग कान धुऊन ये की."

गावातल्या डॉक्टरांनी चार दिवस थेंब घालायला लावले, मग पिचकारीने कान धुतला. ताटलीत काळा गोळा पडला, हरभऱ्याएवढा. लष्करी रुग्णालयात पुन्हा तपासणी झाली आणि तिथे 'फिट' लिहिलं गेलं. भरतीच्या महिनाभर आधी कान, दात, डोळे दाखवून घ्या. घरी काडी घालून कान कोरू नका, मळ आणखी आत जातो.

यादीत नंबर लागला. रवानगीचा कागद हातात आला तेव्हा आबा गोठ्यात होते.

"कुठलं सेंटर?"

"बेळगाव."

त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली आणि टोपी नीट केली.