तुम्ही विचारलंत म्हणून : टीव्ही बिघडलेला नाही

‘चित्र मध्येच मोठं होतं, मध्येच वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. सेटिंग कुठं चुकलं?’ सांगलीत ज्यांच्याकडे टीव्ही-प्रोजेक्टर बसवून दिले, त्यातल्या निम्म्यांनी तरी हे विचारलंय. कुठंच चुकलेलं नाही, काही सिनेमेच मध्येच चौकटीचा आकार बदलतात. रिमोट खाली ठेवा.

‘द डार्क नाइट’ची ब्लू-रे घ्या. सुरुवातीचा बँकेचा दरोडा आयमॅक्स कॅमेऱ्यावर, म्हणजे उंच चौकटीत घेतलेला, तो १६:९ टीव्ही भरून दिसतो. बराचसा सिनेमा मात्र २.४०:१, म्हणजे उंचीच्या २.४ पट रुंद; यालाच स्कोप म्हणतात. डिस्कवरची चौकट कायम १९२० गुणिले १०८०. स्कोपचं चित्र त्यात ८०० ओळी घेतं. वरच्या १४० आणि खालच्या १४० काळ्या होऊनच येतात. झूम दाबलंत तर पट्ट्या जातील, पण दोन्ही कडांचं मिळून पाव चित्रही जाईल. शिवाय आयमॅक्सचा प्रसंग आला की चारी बाजूंनी कापाकापी.

टीव्हीवाल्यांचं एवढंच. पडद्यावाल्यांचं दुखणं मोठं आणि त्यात माझाही हात आहे.

विश्रामबागेतल्या एका हॉलला आठ फूट रुंद, चाळीस इंच उंच स्कोपचा पडदा मीच सुचवला. आठ फूट रुंदीला १६:९ चौकट ५४ इंच उंच होते. पट्ट्या पडद्याबाहेर पडतात, काळ्याच असल्याने खपून जातात. आयमॅक्सचा प्रसंग आला आणि सात इंच चित्र वरच्या पांढऱ्या भिंतीवर, सात इंच खाली सेंटर स्पीकरवर सांडलं. लेन्स मेमरी, म्हणजे ठरवून ठेवलेल्या झूमवर प्रोजेक्टरची लेन्स आपोआप नेणारी सोय, इथं कुचकामी: मोटर सरकायला वेळ घेते, चौकट कटसरशी बदलते. शेवटी प्रोजेक्टरच्या मेनूत ब्लँकिंग, म्हणजे चित्राच्या कडा काळ्या करून झाकणं, लावलं, वर १३ टक्के, खाली १३ टक्के. सांडणं थांबलं, तर सबटायटलची खालची ओळ गायब. ती खालच्या पट्टीतच उमटत होती. प्लेअरमध्ये सबटायटल वर सरकवायची सोय होती म्हणून निभावलं. ती नसेल तर ब्लँकिंगच्या नादी लागू नका. आणि एखादी १६:९ मालिका लावण्याआधी ते काढा, नाहीतर माणसांची डोकी उडतात.

तेव्हा मी छाती ठोकून सांगायचो, स्कोपला स्कोपचाच पडदा. अजूनही म्हणतो, बहुतेकांनी ‘द डार्क नाइट’ थिएटरात सलग स्कोपमध्येच पाहिला, त्यामुळे ब्लँकिंगने मोठं काही बुडत नाही. पण मुद्दाम उंच ठेवलेली चौकट आपणच छाटायची, हेही गळी उतरत नाही.

हल्ली तेवढ्याच रुंदीचा १६:९ पडदा सुचवतो. स्कोपसाठी काळ्या मखमलीच्या सात इंची दोन पट्ट्या, लाकडावर ताणून, चुंबकाने चिकटवायच्या. चौकट बदलणारा सिनेमा असला की काढून ठेवायच्या. मग चित्रातल्या काळ्या पट्ट्या पडद्यावर पडतात आणि प्रोजेक्टरचा काळा राखाडी दिसतो, अशी तक्रार येते. येणारच. ‘ओपनहायमर’ तर २.२०:१ आणि १.७८:१ (म्हणजे १६:९) मध्ये फिरतो. २.२० ला वर-खाली सव्वापाच इंचच मोकळे राहतात. सात इंची मखमल लावलीत तर चित्रावरच येईल.