आमची वाटचाल : प्रोबेट कोर्टाच्या कागदांमधून

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीत वंशावळीच्या शोधाचं काम करते म्हटलं की या धंद्यातली माणसं पहिला प्रश्न १८८४ च्या आधीचा विचारतात. मार्च १८८४ मध्ये एका खून खटल्याच्या निकालावरून शहर पेटलं, जमावाने हॅमिल्टन काउंटीचं, म्हणजे सिनसिनाटीच्या जिल्ह्याचं, कोर्टहाउस जाळलं आणि जुन्या दप्तराचा मोठा भाग त्यात गेला. या आगीची झळ आमच्या रोजच्या कामाला आजही लागते. मात्र सिनसिनाटीत वारलेल्या माणसाची जमीन क्लेरमाँट, वॉरन किंवा बटलर काउंटीत असेल, तर मृत्युपत्राची नक्कल पुष्कळदा तिथल्या प्रोबेट कोर्टातही, म्हणजे मृत्युपत्रं, वारसा आणि पालकत्व बघणाऱ्या कोर्टातही, नोंदवलेली सापडते. आमची फर्म उभी राहिली ती अशा शेजारच्या काउंट्यांच्या जोरावर.

पुण्यात असताना मी भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकले होते. लग्नानंतर इथे आले आणि एका वकिलाच्या ऑफिसात कारकुनी धरली. तिथून कोर्टात कागद आणायला जायचे, तेव्हा माझी पहिली भागीदार भेटली. शेजारच्या काउंटीच्या प्रोबेट कोर्टात त्यांनी डेप्युटी क्लार्क म्हणून उभं आयुष्य काढलं होतं आणि त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मी जोडलेलं इंग्रजी हस्ताक्षर अडखळत वाचत होते. त्यांनी शेजारी बसून वाचायला लावलं. रसेल इंडेक्स म्हणजे आडनावातल्या ठरावीक अक्षरांवरून नोंदी लावलेली कोर्टाची सूची. तिच्यात आडनावातली एल, एम, एन, आर, टी ही अक्षरं कशी धरायची, तेही त्यांनीच शिकवलं. २००३ साली आम्ही दोघींनी मिळून फर्म काढली.

एका माणसाच्या प्रकरणाचे सगळे कागद कोर्टात एका पाकिटात असतात. ते पाकीट कसं उघडायचं, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. तीन घड्या घालून फितीने बांधलेले कागद शंभर-दीडशे वर्षं तसेच पडून असतात. हातमोजे नकोत, कारण त्यांनी कागदाच्या कडा फाटतात. हात धुऊन कोरडे करायचे. टेबलावर पेन्सिलीखेरीज काही नको. घडी एकदम सपाट करायची नाही. कडेवर मण्यांची कापडी वजनं ठेवून कागदाला हळूहळू बसू द्यायचं. दिवा तिरका धरला की पुसट शाईसुद्धा वर येते. त्यांनी दिलेलं भिंग मी अजून वापरते. मुठीचं लाकूड आता काळं पडलंय, पण काच अजून एक नंबर आहे.

आणि मृत्युपत्राकडे धावायचं नाही! आधी जामीनखत बघायचं. मृत्युपत्र नसेल तर कोर्ट अॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे मालमत्तेचा कारभारी, नेमतं, तो जामीन देतो, आणि जामीनदार बऱ्याचदा विधवेचे भाऊ नाहीतर वडील निघतात. म्हणजे बाईचं माहेर तिथे सापडलं. मग मालमत्तेची यादी, लिलावाची विक्रीयादी, हिशेब, आणि शेवटी वारसांच्या सह्यांच्या पावत्या. मुलगी लग्न होऊन आयोवाला गेली असेल, तर नवऱ्याचं नाव आणि तिचा पत्ता त्या पावतीवर मिळतो. मृत्युपत्रात ती नुसती 'माझी मुलगी' असते.

पुढची काही वर्षं काम चांगलं चाललं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. क्लेरमाँटच्या कोर्टाच्या पालकत्वाच्या इंडेक्समध्ये आम्हाला बहुतेक ठिकाणी पालकाचं नाव मिळायचं, फार तर थोरल्या मुलाचं. बाप वारला की आई जिवंत असूनही मुलांच्या मालमत्तेला कोर्ट पालक नेमायचं, आणि तो पुष्कळदा वेगळ्याच आडनावाचा असायचा. त्यामुळे धाकट्या मुलांचा पत्ता लागत नसे. आम्ही दोघींनी एकेक पाकीट सोडवून प्रत्येक मुलाचं, आईचं आणि जामीनदाराचं नाव असलेली सूची हाताने केली. वर्षानुवर्षं शनिवार-रविवार त्यात घातले. ती आमच्या साइटवर लोकांसाठी फुकट ठेवली.

एका स्थानिक फर्मने ती सगळी उचलून स्वतःच्या नावाने विकायला काढली. आम्ही कपाटांसाठी आपापसात वापरायच्या खुणा, त्यासुद्धा त्यांच्या यादीत जशाच्या तशा! ती खूण कुठल्या कपाटाची हे आम्हा दोघींखेरीज कुणाला माहीत नव्हतं. पत्र पाठवलं तर उत्तर आलं की सरकारी कागदातली नावं कुणाच्या मालकीची नसतात. वकिलानेही खांदे उडवले. आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली, कारण तिथे चकचकीत नकाशे होते. त्या फर्मच्या माणसांना मी कोर्टाच्या तळघरात एकदाही पाहिलं नाही.

त्यातच २०१५ मध्ये देशभरातली मृत्युपत्रं वर्गणी भरून घरबसल्या बघता येऊ लागली. फोन वाजायचा थांबला. आम्ही भाड्याची जागा सोडली, टेबल-दिवे माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये आणले. भागीदारबाईंनी कित्येक महिने आपला वाटा घेतला नाही. पुढे प्रकृतीमुळे त्या मुलीकडे राहायला गेल्या.

तेव्हा आम्हाला तगवलं एका निवृत्त शिक्षिकेने. त्यांचं कुटुंब केंटकीतून नदी ओलांडून ओहायोत आलेलं, कृष्णवर्णीय. १८७० ची जनगणना ही गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं नोंदवणारी पहिली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव असतं आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. बाईंचा शोध १८७० पाशी अडला होता. अशा वेळी १८६५ आधी वारलेल्या मालकांचे प्रोबेटचे कागद काढावे लागतात, कारण माणसं मालमत्तेत मोजली जायची आणि यादीत त्यांची नावं असायची. केंटकीतल्या मेसन काउंटीच्या विल बुकात, म्हणजे मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या उतरवून ठेवलेल्या वहीत, एका यादीत घोडा आणि नांगर यांच्यामध्ये बाईंची पणजी सापडली, नाव, वय आणि डॉलरमधली किंमत. त्यापुढे वाटणीचा कागद होता, त्यात तिचं लेकरू दुसऱ्या वारसाच्या वाट्याला गेलेलं.

विल बुकाची ती पानं इंटरनेटवर होती. पण इंडेक्समध्ये मालकाचं नाव होतं, पणजीचं नव्हतं. बाईंनी पुढे चर्चमधल्या कितीतरी घरांना आमच्याकडे पाठवलं. आजही दर वर्षी त्या एक नवीन शाखा शोधायला देतात आणि पैसे आगाऊ देतात.

तुम्ही स्वतः शोधणार असाल तर मृत्यूच्या तारखेपाशी थांबू नका, पुढची वीस वर्षं बघा. धाकटं मूल सज्ञान होईपर्यंत हिशेब चालायचे. आणि आधी बिनलग्नाची आत्या किंवा निपुत्रिक काका शोधा. त्यांच्या पाकिटात सगळे भाचे-पुतणे एका कागदावर सापडतात. इथल्या मराठी मंडळींना आणखी एक सांगते. मुलं लहान असतील तर मृत्युपत्र आजच करा आणि त्यात पालक कोण ते लिहा. नाहीतर तुमच्या मुलांचा पालक कोर्ट ठरवेल. त्या फाइली कशा दिसतात ते मी रोज पाहते.

२०२४ पासून यंत्र हस्ताक्षर वाचून प्रोबेटच्या पानांतलं कुठलंही नाव शोधून देतं. मीही ते वापरते, वेळ खूप वाचतो. पण जी पाकिटं अजून स्कॅनच झालेली नाहीत, ती हातानेच सोडवावी लागतात. क्लेरमाँटनंतर आता ब्राउन काउंटीची पालकत्वाची सूची चालू आहे. ती साइटवर टाकणार नाही. छापून सार्वजनिक ग्रंथालयात ठेवणार, आणि प्रत्येक पानावर आम्हा दोघींची नावं असतील, आधी त्यांचं.